सरांच्या मागची जागा

जैनथच्या हॉटेलापुढे सायकली भिंतीला टेकवून सगळे चहा पीत होते. विठ्ठलराव सरांनी गरम ग्लास दोन्ही हातांत धरला आणि सहज सांगून टाकलं, "परतताना माझ्या मागे हर्षदीप राहीन. नवा आहे, त्याले चांगली जागा देऊ."

अर्पितानं ओठाला लावलेला ग्लास खाली घेतला. हर्षदीप तिचा धाकटा भाऊ, तहसीलमध्ये क्लार्क, आणि क्लबात त्याचा आज पहिलाच दिवस.

आता हे नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आदिलाबादच्या या सायकल क्लबाचं नाव 'पहाट'. नाव पहाट, पण डिसेंबरात पहाटे इथे हाडं गोठतात, म्हणून थंडीत ही मंडळी संध्याकाळी निघतात आणि नावापायी गावभर टवाळी ऐकून घेतात. बेला गावाच्या रस्त्यानं जैनथपर्यंत यायचं, चहा प्यायचा आणि अंधार पडता पडता परत. जायचं एका रांगेत, पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं चाक जवळजवळ भिडवून. वारा एकट्या पुढच्याला लागतो, मागच्यांचे पाय वाचतात. पण मागच्याला रस्ता दिसत नाही, पुढच्याची पाठ दिसते. खड्डा आला की पुढचा हात खाली सोडून बोट दाखवतो, त्याच्या मागचा तसंच करतो आणि खूण हातोहात शेवटपर्यंत जाते. ओरडायचं मात्र नाही, हा सरांचा नियम. ओरडलं की माणूस बिचकतो, ब्रेक दाबतो आणि मागचे सगळे अंगावर येतात. तेव्हा तोंड बंद, हात चालू. म्हणजे सगळ्यांचा जीव पहिल्या माणसाच्या डोळ्यांवर. आणि क्लब सुरू झाल्यापासून पहिला माणूस एकच, विठ्ठलराव सर.

त्या सरांना अंधारात दिसत नव्हतं.

हे अर्पिताला दिवाळीपासून माहीत होतं, आणि फक्त तिलाच. दिवाळीनंतरच्या पहिल्याच राइडला ती त्यांच्या मागे होती. समोरून लॉरी आली, तिचा उजेड डोळ्यांवर पडला आणि सर एका भल्यामोठ्या खड्ड्यातून धाडकन गेले. हात काही हलला नाही. अर्पितानं ऐन वेळी सायकल वळवली आणि मागच्यांना खूण आपणच दिली. सरांच्या घरापाशी पोचल्यावर तिनं विचारलं तेव्हा सर आधी उडवाउडवी करत राहिले, मग फाटकाशी उभं राहून हळू आवाजात म्हणाले, "यवतमाळच्या डॉक्टरले दाखवलं. डोळ्याच्या मागचा पडदा खराब होऊन राह्यला म्हने. दिवसा काही नाही, अंधारात अडचन. औषध नाही त्याले. सव्वीस जानेवारीची इंद्रवेल्लीची राइड करतो अन् सोडतो. तोवर कोनाले बोलू नको. दमयंतीले बी नाही."

दमयंती म्हणजे त्यांची बायको. तिलासुद्धा नाही, ऐका.

नाही म्हणायची अर्पिताची प्राज्ञा नव्हती. ज्युनियर कॉलेजात सरांनी तिला गणित शिकवलं. तिची आई ताराबाई जन्मभर लोकांच्या शेतात कापूस वेचत आली, आणि पोरगी शिक्षिका झाली त्यात सरांचा वाटा मोठा. पुढे ती क्लबात जायचं म्हणाली तेव्हा आईनं ठाम नकार दिला, रस्त्यावर लॉऱ्या काय कमी आहेत म्हणून. तर सर स्वतः घरी आले, ताराबाईंच्या हातचा चहा प्यायले आणि म्हणाले, "ताराबाई, पोरगी माझ्या मागे राहीन. तिले काही होऊ देत नाही." अशा माणसाला तोंडावर कसं सांगायचं, की सर, तुम्ही आता पुढे नको?

मग अर्पिताबाईंनी आपल्या परीनं तोड काढली. रोज सरांच्या मागची जागा धरायची, त्यांच्या खांद्यावरून रस्ता पाहायचा आणि खुणा आपणच द्यायच्या. मागच्यांना वाटायचं खूण सरांकडून आली, आणि मागे कुणी पडत नाही म्हणून सरांना वाटायचं आपल्याला रस्ता पाठ आहे. अर्पिताला वाटायचं आपण केवढी माया करतोय. काय म्हणावं अशा मायेला!

आणि आज ती जागा हर्षदीपला मिळाली.

"सर, तिथं मीच राह्यते ना," ती म्हणाली. "मले सवय आहे."

"रोज रोज तूच काऊन?"

औषधांचा दुकानदार भार्गव हसला. या माणसाची जीभ कधी म्हणून कुणाला भीत नाही. "मॅडमनं जागा रिझर्व्ह करून ठेवली वाटते. आमाले तर कधी विचारलं बी नाही."

रांगेच्या शेवटी राहणाऱ्या स्वरा आणि चैत्राली या दोघी बहिणीही हसल्या. बोलायची वेळ खरं तर हीच होती. उजेड होता, पाय जमिनीवर होते, सगळे समोर होते. अर्पितानं सरांकडे पाहिलं. सरांनीही तिच्याकडे पाहिलं, रागानं नव्हे, अजिजीनं. ती अजिजी पाहून तिला इतकं कसंनुसं झालं की तिनं ग्लास ठेवला आणि हेल्मेटचा पट्टा आवळत बसली.

निघायच्या आधी तिनं हर्षदीपला बाजूला ओढलं. "हर्षा, सरायच्या चाकाकडे पाहू नको. समोर पाह्य, रस्त्यावर."

"ताई, घरून निघाल्यापासून तूच सांगून राह्यली, चाकावरून नजर हलवू नको म्हून."

"आता हे सांगते."

"काऊन पन?"

तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात सरांनी शीळ घातली, म्हणजे निघा.

"दोन हात अंतर ठेव," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

रांग रस्त्याला लागली. पुढे सर, मग हर्षदीप, मग अर्पिता, मागे भार्गव आणि त्या दोघी. सूर्य केव्हाच गेला होता. काळ्या रानात वेचायचा राहिलेला कापूस तेवढा अजून पांढरा दिसत होता. थंडी बोटांच्या पेरांत शिरत होती आणि तरी अर्पिताच्या पाठीला घाम फुटला होता. तिला सर दिसतच नव्हते. दिसत होती भावाची रुंद पाठ. ती वीतभर उजवीकडे सरकली, तेव्हा कुठे सरांचा खांदा आणि त्यांच्या दिव्याचा रस्त्यावर पडलेला पट्टा दिसला.

"मॅडम, रांगेत," मागून भार्गव म्हणाला.

ती आत आली आणि लगेच पुन्हा बाहेर सरकली. म्हणू दे त्याला काय म्हणायचं ते.

पहिला खड्डा आला. सरांचा हात खाली गेला, हर्षदीपचा गेला, तिचा गेला. दुसऱ्यालाही तसंच. पुलाच्या तोंडाशी डांबर उखडलं होतं, तेही सरांनी बरोबर दाखवलं. अर्पिताच्या जिवात थोडा जीव आला. खरंच पाठ आहे की काय यांना? तीस वर्षं याच रस्त्यावर घातलेला माणूस, आपण उगाच घाबरतोय. इंद्रवेल्लीपर्यंत निभेल असंच.

मग एक लॉरी आली. कापूस टाकून परत चाललेली, रिकामी, दोन्ही दिवे भगभगीत. ती गेली आणि सर दगडगोट्यांवरून सरळ निघून गेले. हर्षदीपची सायकल हातभर उडाली आणि कशीबशी सावरली. त्याला काही वाटलं नाही. नवख्याला काय कळणार, त्याला वाटलं रस्ताच असा. उलट वारा लागू नये म्हणून तो सरांच्या चाकाला अजून चिकटला. दोन हात अंतराचं वीतभर राहिलं.

"अंतर ठेव," अर्पिता म्हणाली. वाऱ्यात ते त्याच्या कानापर्यंत गेलं नाही. मोठ्यानं म्हणायला हवं होतं, पण रांगेत ओरडायचं नाही हे इतकं अंगात मुरलं होतं की आवाज वर चढेना. कापसाच्या जिनिंग कारखान्यापुढे वळण आहे, ते गेलं की दिव्यांचा रस्ता लागतो, तिथे थांबवून सांगू, तिनं ठरवलं. सगळ्यांसमोर सांगू. सर रागावले तर रागावू देत.

वळण आलं आणि समोरून दुसरी लॉरी आली. तिच्या उजेडात अर्पिताला पुढे रस्त्यात काहीतरी काळं, घरासारखं उभं दिसलं. ती कापसाची ट्रॉली होती. ट्रॅक्टरला जोडलेली, वर काळी ताडपत्री, मागे ना दिवा ना काही, ऐन रस्त्यात थांबलेली. तिच्या डावीकडे मातीची पट्टी तेवढी मोकळी होती.

सरांचा हात हलला नाही. पाय त्याच लयीत फिरत होते. लॉरीचा उजेड त्यांच्या तोंडावर होता.

"हर्षा, डावीकडे उतर!" अर्पिता जिवाच्या आकांतानं ओरडली. "त्यायच्या मागे जाऊ नको, त्यायले दिसत नाही!"

हर्षदीपनं हँडल वळवलं, मातीत घसरला आणि कापसाच्या दोन ओळींमध्ये आडवा झाला. अर्पिता त्याच्या मागोमाग उतरली. भार्गवनं ब्रेक दाबला, पोरींनी दाबले, एकमेकींवर आदळता आदळता वाचल्या. आणि पुढे तो आवाज आला, लोखंडावर लोखंडाचा.

ट्रॅक्टरवाला पुढच्या बाजूनं हातात पाना घेऊन धावत आला. त्याचा टायर बसला होता. "एमैंदी, एमैंदी?" काय झालं, काय झालं, एवढंच तो तेलुगूत पुन्हा पुन्हा विचारत होता. सर रस्त्यावर बसले होते. डोकं ताडपत्रीतून बाहेर आलेल्या कापसात घुसलं म्हणून वाचलं, खांदा मात्र ट्रॉलीच्या लोखंडी कडेला आदळला होता. भार्गवनं मोबाइलच्या उजेडात चाचपून पाहिलं आणि गळ्याजवळचं हाड गेलं म्हणून सांगितलं. अर्पितानं आपली शाल दिली, त्यानं त्या शालीत सरांचा हात बांधला. बांधून झाल्यावर तो तसाच उकिडवा बसून राहिला.

"त्यायले दिसत नाही म्हंजे काय?" त्यानं विचारलं.



"अंधारात दिसत नाही," अर्पिता म्हणाली. "दिवाळीपासून."

"तुमाले माहीत होतं?"

"हो. पन मी खुना देत होती ना, भार्गव भाऊ. रोज मागे राहून तुमाले सगळ्यायले खुना मीच..."

"अन् सर असे पडले असते तर? तुमी त्यायच्या अंगावर, आमी तुमच्या अंगावर." त्याचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागत होतं. "दिवाळीपासून आमी मागे होतो मॅडम. ह्या दोन पोरी मागे होत्या. तवा तुमचा आवाज नाही निघाला. आज भाऊ मागे गेला अन् निघाला."

ते खरं होतं. शरमेनं अर्पिताचे कान तापले. हर्षदीप मातीनं माखलेला, कोपर सोललेलं, जवळ येऊन उभा राहिला. तो तरी आपल्या बाजूनं बोलेल असं तिला वाटलं. तो म्हणाला, "ताई, हॉटेलातच सांगाचं होतं मले."

"तिले बोलू नका," सर म्हणाले. "मी शब्द घेतला होता तिच्याकडून. चूक माझी आहे."

ट्रॅक्टरवाल्यानं शहराकडे जाणारा एक रिकामा टेम्पो हात करून थांबवला. भार्गवनं आणि हर्षदीपनं सरांना उचलून मागे बसवलं, खाली गोणपाटं घातली. अर्पिता त्यांचा धड हात धरून उभी होती. बाकीचे सायकली उचलायला गेले तसे सर हळू आवाजात म्हणाले, "हर्षदीपले हाक मारली ते बराबर केलं. पन मले बी मारायची होती. 'सर, थांबा' म्हटलं असतं तर थांबलो असतो मी. मले दिसत नाही अर्पिता. ऐकू तर येते."

दिवाळीपासून तिनं त्यांच्या खांद्यावरून रस्ता पाहिला होता, त्यांच्या पाठीमागून हात हलवले होते, त्यांच्या वतीनं सगळ्यांशी खोटं वागली होती. त्यांच्याशी म्हणून एकदाही धड बोलली नव्हती. आज ओरडली तीसुद्धा त्यांच्याविषयी, जसे काही ते तिथे नव्हतेच. तिला रडू आवरेना आणि तिनं ते आवरलंही नाही.

भार्गव सायकली लावून आला. "कोन बसते सरायजवळ?" त्यानं विचारलं.

अर्पितानं डोळे पुसले आणि सरांच्या तोंडाकडे पाहिलं. "सर, इंद्रवेल्लीची राइड तुमी करू नका," ती म्हणाली. "सव्वीस जानेवारीची बी नाही अन् त्याच्या नंतरची बी नाही. अंधारात सायकलवर बसायचंच नाही आता."

सरांनी खालचा ओठ दाताखाली धरला. हाडामुळे की कशामुळे, कोण जाणे.

"अन् घरी गेल्यावर दमयंती काकूले मी सांगनार आहे," अर्पिता म्हणाली. "तुमच्या समोर."

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. सर म्हणाले, "सांग," आणि तिला बसायला जागा व्हावी म्हणून त्यांनी पाय जवळ ओढून घेतले.