हिरव्या दोऱ्याची पत्ती

"आधी पाणी, मग चाकू. कोरड्या पत्तीला हात लावायचा नाही."

मस्यू आर्मां बर्तूल प्रत्येक शिष्याला पहिल्या दिवशी हे बजावायचे. त्यांच्या स्वयंपाकघरात काम करताना सहा वर्षं ते माझ्याही कानावर पडत होतं. आता ते मीच मनाशी म्हणत होते. नोव्हेंबरातल्या अर्धांगवायूच्या झटक्यात मस्यूंचा उजवा हात आणि अर्धं तोंड गेलं होतं.

विनिपेगला त्यांच्या घरी मी सकाळची होमकेअरला, म्हणजे घरच्या देखभालीला जाते. मस्यू म्हणजे आपलं 'श्रीयुत'; ते मूळचे फ्रान्सचे. आपल्या सनईच्या नात्यातलं ओबो हे वाद्य ते वाजवायचे. सनईसारखीच त्यालाही फुंकायला बोरूची पत्ती लागते, ती चाकूने तासून बनवतात. इथे येऊन चाळीस वर्षं त्यांनी ते शिकवलं. शिष्याच्या मोठ्या दिवशी पत्ती मस्यूंच्याच हातची, हिरव्या दोऱ्याने बांधलेली. व्हँकुव्हर, मॉन्ट्रियलला वाजवणारे त्यांचे शिष्य आजही हिरवाच दोरा वापरतात.

शेवटची शिष्या माझी रुचा. दोन वाजता युनिव्हर्सिटीत तिची ऑडिशन. बाहेर उणे अठ्ठावीस, आणि कोरड्या हवेने तिची पत्ती चिरलेली. फोनवर रडवेली झाली होती. "आई, it's cracked. त्यांना विचार ना, प्लीज."

मस्यूंच्या ड्रॉवरमध्ये एकच उरली होती. झटक्याआधी बांधलेली, टोक तासायचं राहिलेली. त्यांनी डाव्या हाताने चाकू माझ्याकडे सरकवला. मला नाही जमायचं, म्हटलं.

"तुम्ही इथे बसून कापसाच्या वाती वळता," ते अडखळत म्हणाले. "मी बघतो. ही तुमची बोटं जोरात दाबत नाहीत."

पत्ती भिजवली. खिडकीच्या उजेडात धरून मी चाकूचा एकेक हात फिरवू लागले. एक जरी जास्त फिरला असता, तरी सगळं संपलं असतं. घड्याळात बारा वाजून गेले होते.

मग मस्यूंनी ओठांकडे बोट केलं. पत्ती फुंकून बघायला हवी होती, आणि त्यांच्या ओठांत हवा धरत नव्हती.

त्या दिवशी संकष्टी. चंद्रोदयापर्यंत मी पाणीही घेत नाही. एकवीस वर्षं कधी चुकलं नव्हतं. पत्ती तर पाण्यातून काढलेली.

मी थांबले. मस्यूंनी घाई केली नाही. डोळे मिटून ऐकायला बसले.

मी पत्ती ओठांत धरली. पाणी जिभेवर उतरलं. फुंकलं तर नुसती खरखर.

"अजून. डावीकडे."

दोन हात फिरवले, पुन्हा फुंकलं. या वेळी खालचा आणि वरचा सूर एकदम उमटले. मस्यूंचा अर्धा चेहरा हसला; पत्ती जमली होती.

"रुचाला सांगू नका कुणी केली," ते म्हणाले. "वाजवून होईपर्यंत तिला माझीच वाटू दे."

"मस्यू, मला खोटं बोलवत नाही."

"मग बोलू नका. तुम्ही तशाही कुठे बोलता? नुसती द्या."

मी मानेने हो म्हटलं.

साडेबाराला माझी ड्यूटी संपली. फोटोच्या रोलच्या जुन्या डबीत थोडं पाणी घालून पत्ती ठेवली, आणि ती गोठू नये म्हणून डबी कोटाच्या आत, मंगळसूत्राशी धरली. मस्यू एका हाताने हिरवा दोरा रिळाला गुंडाळत होते. तो पुन्हा पुन्हा सुटत होता.

दार हळूच ओढून घेतलं. बर्फावर जपून पाय टाकत, ओठ मिटून, बसस्टॉपकडे निघाले.