देवीच्या तलवारीची मूठ

१९११ च्या दसऱ्याला दिग्गी गावच्या देवीची तलवार उमाजीच्या घामट हातातून निसटली आणि गावचे प्रमुख, गावकर बाबुराव यांच्या पायापाशी मातीत रुतली. गाव वर्षभर हसलं.

तलवार जुनी, वाकडी. तिची लोखंडी मूठ किती पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेली. पुढच्या दसऱ्याला सकाळीच उमाजीने मुठीला फणसाचा चीक फासून वर सुतळी घट्ट गुंडाळली, आणि सुतळी सुटू नये म्हणून वरून आणखी चीक लावला.

"चीक वाळू तरी द्या," त्याची बायको फुला म्हणाली.

"वाळंल चालता चालता."

देवळापासून शिवेपर्यंत तलवार उमाजीने न्यायची आणि तिथून कान्हूने परत आणायची, असा दोन घरांचा मान होता. शिवेवर आपट्याची पूजा झाली. कान्हूने हात पुढे केला. उमाजीची बोटं उघडेनात.

चिकाचं सांगायची लाज वाटून तो म्हणाला, "यंदा परत बी मीच नेतो."

"आन आमचा मान?"

"फुडच्या वर्षी बघू."

कान्हूचे भाऊबंद वाटेतच बसले. ढोल थांबला. "तुज्या आज्यानं बी असं केलं न्हाई," बाबुराव म्हणाले. उमाजीला दरदरून घाम फुटला. तो पुसायला त्याने सवयीने उजवा हात वर नेला, तशी तलवार उगारली म्हणून बसलेले सगळे उठून पळाले.

फुलाच्या ध्यानात आलं. ती दिवटीचं तेल घेऊन पुढे झाली. "त्येंना मान नको हाय," ती म्हणाली. "फणस चिकटलाय."

तेल चोळून हात सुटला, पण सुतळीसकट. कान्हूच्या वाट्याला तेलाने निथळणारं नुसतं लोखंड आलं. त्याने ते तान्ह्या पोरासारखं दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि एकेक पाऊल मोजत निघाला. मागे वीस पावलं सोडून गाव चाललं. अर्ध्या तासाच्या वाटेला दुपार सरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलवार घेऊन कान्हू उमाजीच्या ओसरीवर आला. फुला नवऱ्याच्या तळव्यावरचे सुतळीचे धागे वेचत होती.

"कातडं लावू," कान्हू म्हणाला. "शिवून."

"सांबराचं?"

"जंगलाच्या गार्डाला काय सांगशील? म्हशीचं लावू."

उमाजीने कातडं ताणून धरलं, कान्हूने दाभण चालवलं. शिवण पुरी होईस्तोवर दोघांनी पेजेचं मडकं संपवलं. चिकाचा विषय कुणी काढला नाही.