माझे दोनशे डावखुरे भाऊ

मित्रांनो, बोटं जरा लांब ठेवा आणि मग खुशाल जवळ बसा. मी एक जुना चाकू आहे. म्हातारा म्हणा हवं तर, पण बोथट म्हणू नका, तेवढं मला सहन होत नाही. खटका दाबला की मिटून खिशात जाऊन बसणाऱ्यांपैकी मी नाही. माझं पातं मुठीच्या शेवटापर्यंत सलग गेलेलं आहे. त्याच्या दोन्ही अंगांना गडद लाकूड आणि ते घट्ट धरून ठेवणाऱ्या तीन पितळी खिळ्या. मला मिटता येत नाही म्हणून राहायला चामड्याचं म्यान दिलेलं आहे.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. साध्या पोलादाची पट्टी लालभडक तापवली, ठोकली आणि तेलात बुडवली. तेव्हा मी असा चरचरलो की सांगता सोय नाही! मग धार लावणाऱ्या कारागिराने मला फिरत्या चाकावर धरलं, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. दोन्हीकडे धारेला अगदी सारखा उतार. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा गोंधळ यावरूनच झाला.

मला ज्यांनी विकत घेतलं त्या आता काकू आहेत, पण तेव्हा तरुण होत्या. त्यांनी नुकताच ताडपत्र्या आणि तंबू शिवायचा कारखाना काढला होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, दोन शिलाई मशीन आणि एक भलंमोठं टेबल. हत्यारांच्या दुकानात त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "ताई, हा पुरुषांच्या कामाचा चाकू आहे."

"असं तो म्हणाला का तुम्हाला?" काकूंनी विचारलं. दुकानदाराने मला कागदात गुंडाळलं आणि मी त्यांच्या पिशवीत गेलो.

काकू डावखुऱ्या होत्या. लहानपणी शाळेतल्या बाईंनी त्यांच्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात दिली होती, घरी आईने चमचा. मोठ्यांचं ऐकून त्या उजव्या हाताने लिहायला शिकल्या. पण कापताना, दोर ओढताना, खिळा ठोकताना डावाच हात आधी पुढे यायचा. दुकानातली कात्री त्यांच्या हातात कापडाची नुसती घडी घालायची. कपाटाच्या दारापासून मशीनच्या चाकापर्यंत सगळं त्यांना उलट्या बाजूला सापडायचं. त्यांची धाकटी नणंद शेजारच्या मशीनवर बसायची. काकू तिला वन्सं म्हणत. या वन्संची जीभ माझ्यापेक्षा धारदार.

"वहिनी, तुझ्यासाठी सगळं जग एकदा उसवून उलटं शिवायला हवं," त्या म्हणायच्या आणि शेडमधल्या सगळ्या कामकरी बायका हसायच्या. काकूही हसायच्या. मी टेबलावरून बघत असे. त्यांचं हसू सगळ्यांच्या आधी संपायचं.

मला मात्र डावं-उजवं काही कळत नव्हतं. ज्या हाताने धरलं त्या हाताचा मी. काकू उजव्या हाताने लोखंडी पट्टी दाबून धरत आणि डाव्या हाताने मला पट्टीलगत ओढत. जाड कॅनव्हास सरसर दुभंगत जाई. रोज सकाळी चहाच्या आधी त्या दगडावर माझी धार काढत. पण हात डावा असल्यामुळे एका बाजूला जोर जास्त पडे. एक दिवस, एक वर्ष नव्हे, तब्बल एकतीस वर्षं! हळूहळू माझा सगळा उतार डावीकडे गेला आणि उजवी बाजू सपाट झाली, पट्टीला अगदी चिकटून चालेल अशी. मुठीवर त्यांचा अंगठा टेकायचा तिथे खळगा पडला. कारखान्यातून निघालो तेव्हा मी कुणाचाही होतो. आता मी फक्त काकूंचा झालो होतो, आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

मग वन्संनी हट्ट धरून विजेची कात्री आणवली. माझी रवानगी भिंतीवरच्या खिळ्यावर झाली. कधीतरी दोर कापायला मला खाली काढत, एरवी मी आपला लटकत असे. पात्यावर गंजाचे चार ठिपके आले. माझा कारखानाही बदलला होता. तिथे आता बटाटे सोलायचे पीलर आणि पावाच्या सुऱ्या बनत. माझ्या जातीचे चाकू निघणं केव्हाच बंद झालं होतं.

पण बाहेर काय चाललंय याचा मला पत्ताच नव्हता. चाकूंच्या शौकिनांनी म्हणे आम्हा जुन्यांना डोक्यावर घेतलं होतं! आकार जुनाच हवा, पण पोलाद आजचं हवं, असा त्यांचा धोशा. ही मंडळी मोठी मजेशीर असतात. पोलादाच्या आकडेवारीवरून रात्रंदिवस वाद घालतात, हातावरचे केस भादरून धार तपासतात, चाकू मखमलीत ठेवतात आणि घरात कुणी कांदा चिरायला मागितला तर जीव गेल्यासारखा चेहरा करतात.

अशातला एक जण आमच्या शेडमध्ये आपल्या गाडीसाठी आच्छादन शिवून घ्यायला आला. तो माझ्याच कारखान्यात चाकूंचे आराखडे करायचा. बोलता बोलता मापं सांगायची खोड होती, म्हणून तिथे सगळे त्याला मिलिमीटर म्हणत. खिळ्यावर मला पाहिलं आणि त्याचा आ वासलेलाच राहिला.

"काकू, हा चाकू... हा कुठून आणलात?"

"दुकानातून. चोरलेला नाही."

"अहो, याच्यासाठी मी दोन वर्षं वणवण करतोय! आमच्याकडे एकही उरला नाही. आराखडा होता तो वाळवीने खाल्ला. मला हा पुन्हा काढायचाय, आकार हाच आणि पोलाद नवं. फक्त मापं घेईन, तीन महिन्यांत परत देईन. वर एक नवा कोरा चाकू तुम्हाला."

"हात लावायच्या आधी विचार करा हं," वन्सं मशीनवरून म्हणाल्या. "मला सुतळी कापायलासुद्धा देत नाही ती."

काकूंनी मला खाली काढलं, पुसलं, तेलाचा बोळा फिरवला. "न्या. पण ओला ठेवू नका, लगेच रुसतो तो."

मित्रांनो, कारखान्यात माझा काय थाट झाला म्हणून सांगू! मिलिमीटरने हातमोजे घालून मला काचेवर ठेवलं. निळ्या उजेडाच्या यंत्राने माझा कण न् कण मोजला. आणि मग तो नाचतच कारखान्याच्या मालकीणबाईंकडे गेला.

"बाई, बघा! उतार एकाच बाजूला! आणि मुठीवर हा खळगा! जुन्या लोकांची काय दृष्टी होती!"

मालकीणबाईंनी मला हातात घेऊन भुवया वर केल्या. "माझ्या वडिलांच्या वेळचा चाकू असा होता? मला नाही आठवत."

"आठवण चुकेल बाई, माप चुकत नाही."

मला तोंड असतं तर मी तिथेच ओरडलो असतो, 'अरे शहाण्या, ही तुझ्या जुन्या लोकांची दृष्टी नाही, आमच्या काकूंचा डावा हात आहे!' पण चाकूचं ऐकतो कोण?

"ठीक आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "दोनशे कर. पण हे पाण्यात गेलं तर तू परत पीलरवर. आणि जुन्या आकारांचं नाव या कारखान्यात पुन्हा निघणार नाही."

तयार झाले माझे दोनशे भाऊ. बारीक भुकटी दाबून केलेलं नव्या जातीचं पोलाद. पाण्यात ठेवा नाहीतर मिठात, ठिपका पडायचा नाही. महिनाभर दोर कापले तरी धार जायची नाही. खरं सांगतो, मला थोडा हेवा वाटला. पण प्रत्येकाच्या मुठीवर काकूंच्या अंगठ्याचा खळगा होता. कुणावर राग धरणार?

मग एका सकाळी कारखान्याच्या मोठ्या खोलीत पन्नास शौकीन जमले. लांब टेबलावर कॅनव्हासचे पट्टे, दोर आणि लोखंडी पट्ट्या मांडल्या होत्या. मला परत न्यायला काकू आणि वन्संही आल्या होत्या. त्या मागे भिंतीशी उभ्या राहिल्या.

आधी नुसती वाहवा. "काय झळाळी आहे!" "वजन बघा, वजन!" मिलिमीटर फुलून गेला होता. मग एकाने कॅनव्हासवर पट्टी ठेवून उजव्या हाताने चाकू ओढला. उताराची बाजू पट्टीकडे आली आणि तो पट्टी सोडून उजवीकडे पळाला. दुसऱ्याने ओढला, त्याचाही पळाला. तिसरा मूठ चाचपत म्हणाला, "हा खड्डा कशासाठी? तळहाताला पोकळ लागतोय." खोलीत कुजबूज सुरू झाली. "वाकडा जातोय हो." "सगळेच वाकडे आहेत!" मिलिमीटरचा चेहरा पांढराफटक पडला. मालकीणबाई हाताची घडी घालून त्याच्याकडे नुसत्या बघत होत्या.

काकूंनी टेबलावरचा एक चाकू उचलून निरखला. मुठीवरून अंगठा फिरवला आणि त्यांच्या सगळं लक्षात आलं. त्या पुढे आल्या.

"अहो, मूळचा चाकू असा नव्हता," त्या म्हणाल्या. "तो सरळ होता. मी डावखुरी आहे. धार काढता काढता मीच तो असा केला. हा खळगासुद्धा माझाच."

मागून वन्सं फस्सकन हसल्या. पाठोपाठ सगळी खोली हसली. मालकीणबाई मात्र हसल्या नाहीत. "म्हणजे दोनशेच्या दोनशे भंगारात," त्या मिलिमीटरला म्हणाल्या. "झालं समाधान?"

"त्याला बोलू नका," काकू म्हणाल्या. "चूक माझ्या हाताची आहे. लहानपणापासून सगळे सांगत होते, मीच सुधारले नाही. आता या पोराचंही नुकसान झालं."

मित्रांनो, एकतीस वर्षं मी त्या हातात काढली होती. त्या हाताने किती छपरं शिवली, किती संसार भिजण्यापासून वाचवले, ते मला माहीत होतं. माझा संताप संताप झाला. पण करणार काय?

मालकीणबाईंनी टेबलावरचे वाकडे तुकडे बाजूला केले. मग कॅनव्हासचा एक कोरा पट्टा त्यांच्यासमोर सरकवला. "तुम्ही कापून बघा."

काकूंनी उजव्या हाताने पट्टी दाबली. नवा चाकू डाव्या हातात धरला. अंगठा खळग्यात टेकला. आणि त्यांनी तो ओढला, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात. कॅनव्हासचे दोन सरळसोट तुकडे झाले. एक धागा लोंबला नाही. काकू त्या चाकूकडे बघतच राहिल्या.

"हा मला बसतोय," त्या हळूच म्हणाल्या. "नवी वस्तू, आणि पहिल्याच दिवशी माझ्या हाताला बसतेय. असं कधी झालं नव्हतं."

तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका धिप्पाड, मिशाळ माणसाने हात वर केला. डावा. "मी चाळीस चाकू गोळा केलेत," तो म्हणाला. "एकही माझ्या हातासाठी केलेला नाही. पहिला मला द्या." त्याच्या मागून एका बाईंचा डावा हात वर झाला. मग आणखी एक. पन्नासात सात डावखुरे निघाले, आणि त्यातल्या एकाने तर आपल्या डावखुऱ्या भावासाठी, मुलीसाठी आणि साहेबांसाठीही चाकू मागितला. मिलिमीटर खुर्चीत मटकन बसला आणि रडतोय की हसतोय ते त्यालाच कळेना. मालकीणबाईंनी मागण्यांची नोंदवही काढायला सांगितली तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

पण मला जे सांगायचंय ते याच्या नंतरचं आहे. या गडबडीत वन्सं टेबलाशी आल्या. कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी एक नवा चाकू उजव्या हातात घेतला आणि पट्टीलगत ओढला. वाकडा गेला. पुन्हा ओढला. पुन्हा वाकडा. तिसऱ्यांदा तर कॅनव्हासची नुसती चुरगळ झाली. त्या वैतागून चाकू आपटणार होत्या, पण मध्येच थांबल्या.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "तुला रोज असं होत होतं? सगळ्याच वस्तूंनी?"

"हो. सवय होते, वन्सं."

"मग कधी बोलली का नाहीस गं?"

"काय बोलणार? मला वाटायचं, हातच चुकीचा आहे."

वन्संची जीभ त्या दिवशी पहिल्यांदा अडखळली. त्यांनी चाकू खाली ठेवला आणि पन्नास माणसांसमोर काकूंचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "चुकीचा नाही गं तो," त्या म्हणाल्या. त्यांचं नाक लाल झालं होतं.

आता मी पुन्हा शेडमध्ये आहे. नवा भाऊ कापड कापतो, मी दोर कापतो, आमचं छान जमतं. ऐकून ऐकून आलेल्या डावखुऱ्यांनी दोनशेही भाऊ नेले, आणि पुढच्या खेपेपासून कारखान्यात दोन्ही हातांचे चाकू निघतात. वन्सं अजूनही सगळ्यांची थट्टा करतात, फक्त काकूंच्या हाताची करत नाहीत.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या पोलादाला काम झाल्यावर कोरडं पुसा आणि तेलाचं एक बोट लावा, आम्ही जन्मभर साथ देऊ. आणि तुमच्या शेजारी बाकावर कुणी डाव्या हाताने लिहीत असेल, तर आपलं कोपर थोडं आवरून त्याला जागा करून द्या. काम अडलं की आपण लगेच हात बदलायला सांगतो. एकदा वस्तू बदलून बघा. आमच्या काकूंना तेवढ्यासाठी साठ वर्षं थांबावं लागलं.