दिवेलागणीची साक्ष

कुंडलिक बी.ए. झाला तेव्हा ठमाबाईनं पणदऱ्यात घरोघर गूळ वाटला. दुसऱ्या पदवीचं मात्र तिला काही केल्या कळेना.

"एक हाय की! इंदापूरच्या शाळंत मास्तरकी झ्याक चाललीय. आता आनि कशाला डोकं शिणवतोस?"

"ही कायद्याची, आत्ये. फौजदारीची. खरं कुठलं, खोटं कुठलं, ते निवडायचं."

"व्हय? त्याला बी परीक्षा आसती?" म्हणून ती पदराआड हसली.

आईबाप गेल्यावर या आत्यानंच त्याला वाढवलेलं. तिचं एक गुपित त्या एकट्याला ठाऊक होतं. दिवस बुडाला की तिला दिसत नसे. गाव आंधळी म्हणून हिणवील, या धास्तीनं तिनं ते नवऱ्यापासूनसुद्धा लपवलं. तिन्हीसांजेला लहानगा कुंडलिक तिचा हात धरून चाले अन् हळूच सांगे, "पायरी हाय. आता पाण्याची चारी हाय." बघणारे म्हणत, काय माया आहे बघा!

पुण्यात एका खोलीत एकट्यानं घोकून तो एल्‌एल.बी. झाला, सनद काढली, बारामतीत पाटी लावली. पण पाटीकडे कुत्रं फिरकेल तर शपथ! शाळा सुटली होती, सोबती सुटले होते. संध्याकाळी दोन शब्द बोलायला माणूस नसे, तेव्हा त्याला आत्याची फार आठवण येई.

अखेर एक बाई आली. पणदऱ्याची कुशाबाई. तिच्या नवऱ्यावर, भीमावर, बैलचोरीचा आळ होता. "पोरंबाळं उघड्यावर पडतील, वकीलसाहेब," म्हणून तिनं पाय धरले. कुंडलिकानं वकीलपत्र घेतलं, मग कागद पाहिले. साक्षीदार एकच, ठमाबाई. दिवेलागणीनंतर भीमाला बैल नेताना तिनं म्हणे डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्यानं कागद मिटून ठेवले. गप्प राहावं तर भीमा तुरुंगात जाणार. बोलावं तर आत्याची अब्रू जाणार. अरे, मग जाऊन तिलाच विचारायचं ना! पण नाही. सरकारी साक्षीदाराला आधी गाठू नये, असं पुस्तकात होतं. आलं मोठं पुस्तक!

मामलेदार फिरतीवर आले अन् पणदऱ्याच्या चावडीतच खटला लागला. ठमाबाईची पाळी येईस्तोवर दिवस बुडाला. सारं गाव दाटीवाटीनं बसलेलं. शिपाई कंदील लावायला निघाला, तर कुंडलिक म्हणाला, "जरा थांबा."

तो आत्याच्या पुढ्यात गेला आणि लहानपणी धरायचा तसाच हात पुढं केला. "ठमाबाई, मी काय करतोय, सांगा बघू."

ती आवाजाच्या रोखानं बघत राहिली. आत्ये नाही, ठमाबाई म्हणाला! "कुंडलिक, तू इचारतोस हे?"

हात त्यानं मागं घेतला नाही.

"न्हाय दिसत," ती अखेर म्हणाली. "दिवस बुडला की मला न्हाय दिसत."

मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. "आंधळी, आंधळी," अशी कुजबुज पार दारापर्यंत गेली. भीमा सुटला.

माणसं पांगल्यावर कुंडलिकानं तिला गाठलं. "आत्ये, खोटं का बोललीस गं?"

"खोटं? भीमाचा खोकला वळखते मी. गोठ्यापासनं चारीपत्तुर ऐकला. ऐकला म्हनले आसते, तर दिसला कसा न्हाय, आसं इचारलं आसतं समद्यांनी. तू आदी घरी आला आसतास, तर तुला सांगितलं आसतं."

त्यानं तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला आणि भिंत चाचपत निघाली. चावडीच्या कडेला आली तशी त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "पायरी हाय, आत्ये."

ती तिथंच थांबली. तो वाट बघत राहिला. तिनं पाय काही उचलला नाही.

"वकीलसाहेब," ती म्हणाली, "तुमी जावा आता. कुनीबी येईल न्यायला."

तो खाली उतरून बारामतीच्या वाटेला लागला. लांब जाऊन वळून बघितलं, तर चावडीतल्या कंदिलाच्या उजेडात ती अजून कडेलाच उभी होती.