उशाखालचा नीलम

जालन्याच्या सराफ्यात महेमूदचाचाच्या दुकानाची एक खोड होती. पुष्कराज मागा, पोवळं मागा, गोमेद मागा, चाचा पुडी सोडून समोर ठेवायचा. नीलम मागितला की मात्र म्हातारा अडून बसायचा. आधी निळ्या फडक्यात बांधून खडा घरी न्या, उशाखाली ठेवून झोपा, स्वप्न काय पडतं ते येऊन सांगा, मग अंगठीचं बोला. स्वप्नात बुडणं, पडणं, काळं जनावर, बंद दार असलं काही आलं तर खडा निमूट परत. शनीचा खडा, लाभला तर राज्य देतो आणि उलटला तर घरातलं माणूस नेतो, असं त्याचा आजा सांगायचा. शेजारचे सराफ हसायचे, आलेलं गिऱ्हाईक हाकलायची ही नवी तऱ्हा म्हणायचे. हसोत बापडे. चाचाचा आपल्या नियमावर नमाजाइतकाच भरवसा होता.

दुर्गाबाई दुकानात आली ती बस म्हटलं तरी बसली नाही. बरोबर धाकटा दीर आदिनाथ होता, त्यानेच सगळं सांगितलं. त्याचा थोरला भाऊ मच्छिंद्र, म्हणजे दुर्गाबाईचा नवरा, एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये कामाला. पाळी संपवून गाडीवर जाफराबादकडे गावी निघाला होता, वाटेत रानडुक्कर आडवं आलं. डोक्याला मार बसला. तेव्हापासून दवाखान्यात नळ्या लावून पडलाय, डोळा उघडत नाही. डॉक्टर म्हणतात, वाट बघा. म्हणून आदिनाथ पत्रिका घेऊन धावड्याच्या सोमेश्वर गुरुजींकडे गेला. शनी आठव्या घरात बसलाय, येत्या शनिवारी नीलम बोटात गेला तर माणूस उठेल, असं गुरुजी म्हणाले.

"मंग द्या ना चाचा," आदिनाथ म्हणाला. "पन असली द्या."

चाचाने नियम सांगितला. ज्याच्या बोटात खडा जायचा, त्यानेच तो उशाखाली घ्यायचा.

आदिनाथच्या तोंडचं पाणी पळालं. "चाचा, दादा बेसुद हाय. त्याला काय सपन पडंल? अन् पडलं तर सांगनार कसा?"

खरं तर बोलणं तिथेच संपायचं. चाचा उठायला लागलाही होता. तेवढ्यात दुर्गाबाई पहिल्यांदा बोलली.

"त्यांच्या जागी मी झोपते. मी त्यांची अर्धांगी हाय का न्हाई? सात पावलं मी चालले त्यांच्यासंगं. अर्ध्या अंगाला सपन पडलं तर चालत न्हाई का चाचा?"

आजाने सगळं शिकवलं होतं, हे शिकवलं नव्हतं. चाचाने बाईकडे नीट बघितलं. डोळे लाल, गाल आत गेलेले, ओठांवर सालपटं. अपघात झाल्यापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. झोप येत नव्हती असं नाही, ती झोपतच नव्हती. आपण दवाखान्यात त्याच्या दाराबाहेर जागं बसलोय तोवर तो जातोच कसा, असा तिने हट्ट धरला होता. आता त्याच माणसासाठी तिला डोळे मिटायचे होते आणि तिला त्या झोपेची भयंकर भीती वाटत होती. ती तसं म्हणालीही. "मी झोपले अन् तेवढ्यात काय झालं तर?"

"अब्बा, नक्को देओ," गल्ल्यावर बसलेला मुलगा आमेर हळूच म्हणाला. "अपना तरीका नहीं है ये."

पोरगं बरोबर बोलत होतं. पण बाईने पदर पसरला, आणि समोर पसरलेला पदर रिकामा परत पाठवायला चाचाचं काळीज दगडाचं नव्हतं. तो आत गेला. आजाने हैदराबादहून आणलेल्या खड्यांतला शेवटचा नीलम लोखंडी पेटीत उरला होता, मोराच्या मानेच्या रंगाचा. आमेरच्या डोळ्यांसमोर त्याने तो फडक्यात बांधला आणि दुर्गाबाईच्या हातात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. भर दुपारी दवाखान्याच्या व्हरांड्यात, शेजारच्या बायकांनी डोकं दाबून दाबून तिला निजवलं होतं म्हणे.

"पडलं का सपन?" चाचाने विचारलं.

"पडलं. ते पांढऱ्या कपड्यात व्हते. सोयाबीनच्या शेतातून हसत हसत आले. हातपाय धुतले. मला म्हनले, भाकर वाढ. मी वाढली. पोटभर जेवले."

चाचा समजला. बाई खोटं बोलत होती. उभ्या हयातीत त्याने इतकी स्वप्नं ऐकली होती की खऱ्या स्वप्नाची चाल त्याला पाठ झाली होती. खरं स्वप्न कुणालाच असं धड सांगता येत नाही. माणूस अडखळतो, तोंड त्याचं होतं पण आवाज माझ्या भावाचा होता म्हणतो, मधेच हसतो, मधेच विसरतो. हिने पाढा म्हणावा तसं म्हणून दाखवलं, आणि पदराचं टोक पिळून पिळून त्याची दोरी केली.

"बेटी, बराबर सांग. हेच दिसलं?"

"हेच."

"देवाला ध्यानात ठिवून सांग."

"हेच दिसलं चाचा. जल्दी करा, उद्या शनिवार हाय."

एक 'नाही' म्हणायचं होतं. एवढ्याशा शब्दाला किती जोर लागतो! चाचाच्याने तो निघाला नाही. नियम तर कालच मोडला, आता उरलंय काय, अशी त्याने मनाची समजूत घातली. खरं कारण साधं होतं. नाही म्हटल्यावर त्या बाईचं तोंड कसं होईल ते त्याला बघायचं नव्हतं. त्याने स्वतः बसून खडा अंगठीत बसवला, कातडीला टेकावा म्हणून खालून कोंदण उघडं ठेवलं, आणि आदिनाथने दिली ती किंमत घेतली.

शनिवारी दवाखान्यातल्या एका मायाळू सिस्टरने ती अंगठी मच्छिंद्रच्या मधल्या बोटाला पट्टीने बांधू दिली. सोमवारी मच्छिंद्र गेला.

चाचाला कळलं ते आदिनाथच्या फोनवरून, सगळं उरकल्यावर. पोराचा आवाज पार बसला होता. "चाचा, तुम्ही येऊन जाता का? वहिनी रडत न्हाई, जेवत न्हाई. सकाळी विहिरीच्या काठावर सापडली, बायांनी धरून आणली. एकच बोलून राह्यली. मीच मारलं, चाचाला इचारा, चाचाला म्हाईत हाय. काय म्हाईत हाय तुम्हाला?"

चाचा तसाच उठला. एसटीने जाफराबाद, तिथून जीप. तुम्ही आम्ही म्हणू, खड्याने कुठं माणूस मरतो का? पण चाचा मानत होता. लहानपणापासून मानत आला होता. बंद डोळ्यांनी त्याला ती पट्टी बांधलेलं बोट दिसत होतं. पोरी, तू खोटं बोललीस हे मला त्याच वेळी कळलं होतं, दोष माझा आहे, असं सांगून तिच्या पायावर डोकं ठेवायचं, एवढं तो ठरवून आला होता.

घरात बायका भिंतीकडेने बसल्या होत्या. दुर्गाबाई मधोमध, अंगात कुणी नसल्यासारखी. उजवी मूठ मात्र घट्ट आवळलेली. चाचाला बघून ती म्हणाली, "आलात? सांगा यांना. मी तुम्हाला खोटं सपन सांगितलं का न्हाई?"

आदिनाथ कधी तिच्याकडे बघे, कधी चाचाकडे.

"ते दाराबाहेर उभे व्हते," ती सांगू लागली. "आवाज देत व्हते. दुर्गे, कडी काढ. कडी काढ. का त्यांची माय व्हती ती, काय की... आवाज त्यांचाच व्हता. माझ्यानं कडी निघंना. मंग आवाजच बंद झाला. असं दिसल्तं मला. अन् मी तुम्हाला भाकरीचं सांगितलं. आता तुम्ही सांगा. हे सांगितलं असतं तर दिली असती का अंगठी?"

"न्हाई," चाचा म्हणाला.

"बघा," ती बायकांना म्हणाली. "मी मारलं त्यांना."

हे ती इतकं शांतपणे म्हणाली की चाचाच्या अंगावर काटा आला. हिशोब मिटवून उठायला निघालेलं माणूस असं बोलतं. ठरवून आणलेली कबुली त्याच्या तोंडातच राहिली. दोष माझाही आहे म्हटलं, तर खड्याने मारलं यावर आपणच शिक्का मारतो, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं. मग ही बाई आज नाही तर उद्या पुन्हा त्या विहिरीवर जाणार, आणि दरवेळी धरायला बायका असणार नाहीत.

"बेटी," तो मोठ्याने म्हणाला, ओसरीवरच्या पुरुषांनाही ऐकू जावं असं. "तुला कोण म्हनलं तो नीलम व्हता?"

भिंतीकडेच्या बायकांनी माना वर केल्या.

"काच व्हती ती. निळी काच. नीलम असता तर लाभला असता, न्हाईतर उलटला असता. काच काय करनार? तू खरं सपन सांग का खोटं सांग, काचंला काय त्याचं? मी फसवलं तुम्हाला."

आदिनाथ पुढे सरकला. पण दुर्गाबाईने मान हलवली. दुःखाने ती मोडली होती, वेडी झाली नव्हती. "खोटं. मला बरं वाटावं म्हनून बोलून राह्यले तुम्ही."

"आन ती अंगठी इकडं," चाचा म्हणाला.

तिने मूठ उघडली. तळहातावर खड्याचा वळ उठला होता. चाचाने अंगठी ओसरीच्या फरशीवर ठेवली आणि कोपऱ्यातल्या पाट्यावरचा वरवंटा उचलून आणला.

"असली नीलम घणाखालीबी फुटत न्हाई. म्हाईत हाय ना सगळ्यांना?"

सगळ्यांनी माना हलवल्या. हे कुणाला माहीत नाही? दुकानात गिऱ्हाइकं हेच ऐकवायची आणि चाचा कधी त्यांना दुरुस्त करायचा नाही. धंद्यातल्या माणसाला ठाऊक असतं की नीलमवर कानशीने ओरखडा उठत नाही हे खरं, पण नेमका घाव बसला की तो खडीसाखरेसारखा फुटतो. आज त्याचा सगळा भार त्या न केलेल्या दुरुस्तीवर होता.

पहिला घाव बसला. अंगठी चेपली. खडा तसाच्या तसा, निळाशार.

"फुटला न्हाई," ओसरीवरून कुणीतरी म्हणालं. दुर्गाबाईचे डोळे मोठे झाले. चाचाला दरदरून घाम फुटला. त्याने चेपलेल्या कोंदणातून खडा नखांनी उकरून मोकळा केला, फरशीवर उघडा ठेवला आणि दोन्ही हातांनी वरवंटा डोक्यावर नेला. या अल्लाह, फोड. आयुष्यात कुठल्या खड्यासाठी त्याने अशी दुआ मागितली नव्हती.

दुसऱ्या घावाला आजाच्या नीलमचा चुरा झाला.

थप्पड कधी बसली ते चाचाला कळलं नाही. टोपी उडून अंगणात पडली. आदिनाथने त्याची गळपट्टी धरली होती. "मरत्या मानसाच्या बोटात काच बांधली का रे म्हाताऱ्या? साऱ्या सराफ्याला सांगतो मी. थांब तू!"

दुर्गाबाई ओणवी झाली. दोन तुकडे बोटांनी उचलले, उजेडाला धरले. कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिने तोंड उघडलं.

"तुझ्या दुकानाला कुलूप लागू दे!" ती ओरडली. आवाज फाटला. "तुझ्या घरची चूल इझू दे! मी पदर पसरला तुझ्याफुडं. माझा मानूस मरून राह्यल्ता अन् तू काच दिली व्हय रे मला? मी झोपले त्या काचंसाठी! त्यांना सोडून झोपले! माझे ते... अहो... अहो..."

तिथे तिला हुंदका आला. पहिला अडला, दुसरा फुटला, आणि ती जावेच्या मांडीवर कोसळून धाय मोकलून रडायला लागली. नवऱ्याचं नाव घेऊन रडायला लागली. एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "रडू द्या गं. रडू द्या लेकराला. पानी आना कोनीतरी."

चाचा मान खाली घालून तिचा तळतळाट पुरा होईपर्यंत उभा राहिला. दुर्गाबाईने घोटभर पाणी प्यायलेलं त्याने बघितलं. मग टोपी उचलली, झटकली आणि निघाला. मागून कुणीतरी थुंकलं.

जीप जाफराबादला पोचायच्या आत आमेरचा फोन आला. आदिनाथने शब्द खाली पडू दिला नव्हता.

"अब्बा, सराफे में लोगां जमा हुए. बोलरे, तुमने काच बेचा. मैं सबको बोला, झूट है. वो परदादा का पत्थर था, मेरे सामने बांधा तुमने. मैं अब्बी उस आदिनाथ को फोन लगाके बोलता."

"नक्को लगा," चाचा म्हणाला.

"क्यूं? झूट है ना अब्बा?"

जीपमधली माणसं दाटीवाटीने बसली होती, कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं. चाचाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नहीं बेटा," तो म्हणाला. "काचच था."