नेटकरी शांत होईपर्यंत

"नेटकरी इथंच बसतात ना?"

बाईंनी विचारलं दारावरच्या पहारेकऱ्याला, पण ऐकलं अनुस्वारानं. तो चहा घ्यायला खाली उतरत होता, तो शेवटच्या पायरीवरच थबकला.

"कोण करी?" पहारेकरी म्हणाला.

"नेटकरी. तुमच्या बातमीत आहेत बघा. माझ्यावर संतापलेत ते." बाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. मोबाइलवरची बातमी कुणीतरी त्यांना छापून दिली होती. "दोन शब्द बोलायचेत त्यांच्याशी. आज गडबडीत असतील तर उद्या येते."

पहारेकऱ्यानं अनुस्वाराकडे पाहिलं. "साहेब, हे नेटकरी कितव्या मजल्यावर?"

एरवी हा किस्सा वर जाऊन सांगितला असता तर अख्खा डेस्क पोट धरधरून हसला असता. पण कागदावरचा मथळा अनुस्वाराला उलटा धरलेला असूनही वाचता आला, आणि तो त्याचाच होता.

*'मरायचं तरी रांगेत मरा!' रुग्णालयातल्या महिलेची वृद्धाला अरेरावी, नेटकरी संतापले*

अनुस्वार हे काही त्याचं खरं नाव नव्हे. वर्तमानपत्र कागदावर निघत होतं तेव्हा तो मुद्रितं तपासायचा, आणि गळलेला अनुस्वार त्याच्या डोळ्याला कुसळासारखा खुपायचा. पुढे कागद बंद झाला. मुद्रितं गेली, मुद्रितं तपासणारे गेले, हा तेवढा उरला. नव्या घरात जुनं कपाट न्यावं तसं त्याला उचलून वेबसाइटच्या डेस्कवर नेऊन ठेवलं. कपाटाला कुणी विचारत नाही, पण ते दिसायला बरं दिसतं.

नेटकरी : एक जण बोलला तर माणूस. दोघं बोलले तर भांडण. तिघं बोलले की नेटकरी. (डेस्कप्रमुखाची व्याख्या. पहिल्याच दिवशी, तोंडी.)

डेस्कप्रमुख त्याच्या मुलाच्या वयाचा होता आणि त्याला काका म्हणायचा. वाईट नव्हता. फक्त भराभर बोलायचा. 'शहरातल्या इंटरनेट वापरणाऱ्यांपैकी काही जणांनी नाराजी व्यक्त केली' असं अनुस्वारानं एकदा लिहिलं होतं, तेव्हा तो खुर्ची फिरवून म्हणाला होता, "काका, काही जण म्हणजे कोण? काही जण तर आमच्या सोसायटीतपण नाराज असतात. नेटकरी लिहा. नेटकरी म्हटलं की कसं, दाराशी जमाव आल्यासारखा वाटतो."

रुग्णालयाच्या नोंदणीच्या खिडकीवर कुणीतरी मोबाइलनं टिपलेल्या त्या चित्रफितीखाली दोनच प्रतिक्रिया होत्या. 'लाज वाटली पाहिजे', आणि 'हिला घरी बसवा'. तिसऱ्यानं नुसतंच विचारलं होतं, हे कुठलं रुग्णालय?

"प्रश्न धरत नाही आपण," डेस्कप्रमुख म्हणाला. "संताप पाहिजे."

"मग दोनच भरतात."

"तिसरा होईल की. डेस्कचं खातं कशाला ठेवलंय?"

डेस्कच्या खात्यावर सूर्यफुलाचा फोटो होता आणि ते सगळ्यांचं होतं, पाणी प्यायच्या पेल्यासारखं. अनुस्वारानं त्यातून लिहिलं : 'अशा बाईला खिडकीवर बसवणाऱ्यांनाच आधी जाब विचारा.' मग पुन्हा वाचून पाहिलं. तिन्हींत तेच वाक्य सर्वांत नेटकं उतरलंय असं त्याला वाटलं, आणि त्याला त्या वाक्याचं जरा कौतुकही वाटलं.

आता ती खिडकीवरची बाई त्याच्यासमोर उभी होती. पन्नाशीच्या पुढची, जाड भिंगांचा चष्मा, हातात घट्ट धरलेली पर्स. त्यानं तिला समोरच्या टपरीवर नेलं. दोन चहा सांगितले.

"तुम्ही इथलेच का, दादा?"

"मी... शुद्धलेखन बघतो."

"मग तुम्हाला विचारते. नेटकरी म्हणजे नक्की कोण हो? गावकरी असतात तसे?"

"तसंच काहीसं. इंटरनेट वापरणारे लोक."

"म्हणजे माझी भाचीपण नेटकरी?"

"धरायला हरकत नाही."

"ती तर संतापली नाही. ती म्हणाली, मावशी, आधी जेवून घे." बाई चहात बघत राहिल्या. "बोलले मी, दादा. खोटं कशाला सांगू? ही एवढी रांग, आजोबा सारखे मधे घुसत होते, गेलं तोंडून. जिभेला हाडच नाही माझ्या. संध्याकाळी पत्ता काढून त्यांच्या घरी गेले. म्हटलं, बाबा, चुकलं. तर ते म्हणाले, अगं, मला ऐकू कुठं येतं? मला वाटलं तू नंबर सांगतेयस."

अनुस्वार हसला. बाईही हसल्या, पण लगेच थांबल्या.

"सून मात्र तोंड फिरवून बसली होती. तिला ऐकू येतं."

"मग मिटलं की."

"कुठलं मिटतंय! आमचे साहेब म्हणतात, आजोबांचं राहू द्या. कुणीतरी लिहिलंय म्हणे, हिला बसवणाऱ्यांना जाब विचारा. त्यानं घाबरलेत ते. म्हणाले, नेटकरी शांत झाले की कामावर या. आता ते शांत झाले हे मला कळायचं कसं? कुणी निरोप देतं का? म्हणून म्हटलं, तुमच्यात त्यांचं जाणं-येणं असेल, आपणच जाऊन हातापाया पडावं."

टपरीवाल्यानं पेले उचलले. अनुस्वाराचा भरलेलाच होता.

"मी बघतो," तो म्हणाला. 'मीच तो' असं म्हणायला तोंड उघडलं होतं, त्यातून एवढंच बाहेर आलं.

वर जाऊन त्यानं 'नेटकरी शांत झाले' अशी बातमी सुचवली.

"शांत झालेल्यांना कोण वाचतं, काका?" डेस्कप्रमुख म्हणाला. मग त्यानं पेन दातात धरून विचार केला. "थांबा. घरी जाऊन माफी? हे चालेल. यात डोळ्यांत पाणी आहे. लिहा."

अनुस्वारानं लिहिलं. कितीतरी वर्षांत लिहिलं नव्हतं इतकं मन लावून. आजोबांचं बहिरेपण घातलं, सुनेला वगळलं. शेवटी *नेटकरी विरघळले*. त्यासाठी लागणाऱ्या तिन्ही प्रतिक्रिया त्यानंच सूर्यफुलाकडून लिहून घेतल्या. 'माणूस चुकतो.' 'मावशींना सलाम.' 'आता कामावर घ्या त्यांना.' तीन झाले. नियम पाळला.

दुसराही एक नियम होता, तोही त्यानं सवयीनं पाळला. जुन्या बातमीचा पाठपुरावा केला की मूळची चित्रफीत वर जोडायची. त्यानं जोडली.

पहिल्या वेळी ती फारशी कुणी पाहिलीच नव्हती. या वेळी जेवणाची सुट्टी संपेपर्यंत ती घराघरांत पोहोचली. बातमी कुणी वाचली नाही. वाचायच्या आत 'मरायचं तरी रांगेत मरा' कानावर पडत होतं.

*माफीचं नाटक.*
*माझ्या वडिलांशी अशी बोलली असती तर*
*थोबाड बघा हिचं*
*हिचा पत्ता कुणाकडे आहे का*
*आहे. हा घ्या*

सूर्यफुलाच्या तीन ओळी त्या लोंढ्याखाली कुठं गेल्या ते त्यालाही सापडेना.

"काका, आज सगळ्या साइटवर तुमची बातमी पहिली!" डेस्कप्रमुखानं सगळ्यांदेखत त्याच्या पाठीवर थाप मारली.

"काढून टाकू या का?"

"काय?"

"बातमी. लोक फारच..."

"चालती बातमी काढतं का कुणी? तुम्ही पण ना." आणि मग जरा हळू आवाजात, प्रेमानं, "घरी जा आज लवकर. दमलात."

घरी बायको भाजी निवडत बसली होती. तिनं मोबाइल पुढे केला. "ही बघितलीस का बया? नेटकऱ्यांनी चांगलीच सोलून काढलीय. तुमच्याकडेच आलीय ना बातमी?"

"हो."

"कुणी लिहिलीय?"

"असेल कुणीतरी," म्हणून तो हात धुवायला गेला, आणि बराच वेळ नळाखाली हात धरून उभा राहिला.

नेटकरी : शांत होतात ते

ही व्याख्या त्यानं पुढे लिहिली नाही.

पुढच्या आठवड्यात तो रुग्णालयात गेला. खिडकीत एक मुलगी बसली होती. त्या बाई कधी येणार असं विचारल्यावर ती मान वर न करता म्हणाली, "काढलं त्यांना. पुढचे."

घर शोधायला त्रास झाला नाही. पत्ता प्रतिक्रियांमध्येच होता.

दाराशी बेलच्या जागी दोन तारा लोंबत होत्या. त्यानं कडी वाजवली. आतून बराच वेळ काही नाही, मग "कोण?"

"मी. शुद्धलेखनवाला."

दार उघडलं. "दादा, तुम्ही होय. या, या. बेल काढून ठेवलीय. पोरं वाजवून पळतात." खोलीतले पडदे भरदुपारी ओढलेले होते. बाईंनी खुर्चीवरचे कपडे उचलून जागा केली. "बघतो म्हणालात आणि माझ्यासाठी चांगलं लिहिलंतही. भाचीनं वाचून दाखवलं. लोकांनी ऐकलं नाही, त्याला तुम्ही तरी काय करणार?"

हे ऐकून घेणं त्याला सगळ्यांत जड गेलं. मग त्यानं सांगितलं. खाली मान घालून, सलग, एकही शब्द न सजवता. खातं, सूर्यफूल, जाब विचारा हे वाक्य, जोडलेली चित्रफीत.

शेजारच्या घरात कुणीतरी फरशीवरून खुर्ची ओढल्याचा करकर आवाज झाला आणि थांबला.

"म्हणजे पहिल्यांदा नेटकरी होते किती?"

"तीन."

"तुम्हाला धरून?"

"मला धरून."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तिघांच्या घरी जाऊन आले असते हो मी," त्या म्हणाल्या. "एका दुपारचं काम होतं."

बाई उठल्या. रागानं हाकलतील असं त्याला वाटलं, आणि हाकललं तर बरं असंही वाटलं. पण त्या त्याच्या खुर्चीसमोर येऊन सरळ उभ्या राहिल्या, शाळेत उभं केल्यासारख्या.

"त्या दिवशी मी आजोबांना वाईट बोलले," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं. पुन्हा कुणाला तसं बोलणार नाही."

त्याला उठता येईना. नको, नको म्हणावंसं वाटलं, पण ज्याची माफी मागितली जाते त्यालाच काहीतरी बोलावं लागतं, आणि बाई थांबल्या होत्या.

"बरं," तो म्हणाला.

"एक झालं," बाई म्हणाल्या, आणि खाली बसल्या.