दुमडलेल्या बाह्यांची माउली

चॅपेलच्या भिंतीवर मरिया माउली काढायचं काम रंगारी सिस्टरकडे सोपवलं, तिथेच मदर फसल्या. ही बाई बाळंतिणींच्या वॉर्डातून उठून थेट शिडीवर चढणारी! तिनं माउलीही तशीच काढली. खांद्यावर टॉवेल आणि बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या.

मदरचं पित्तच खवळलं. त्यांच्या धर्मभगिनींच्या संघाचा कडक नियम होता. वॉर्डात बाह्या वर, पण चॅपेलच्या दारात बाह्या खाली, मनगटाशी बटण लावून. मदर जन्मात कधी उघड्या हातांनी वेदीसमोर गेल्या नव्हत्या.

“अगं, देवाच्या आईला तरी नियम पाळू दे! खाली ओढ त्या बाह्या.”

“बटणं लावून का तिनं बाळाला न्हाऊ घातलं असेल, मदर?”

“जीभ आवर. मिसाच्या प्रार्थनेआधी चित्रावर पांढरा रंग फास.”

एवढं मन लावून रंगारी सिस्टरनं आजवर काही काढलं नव्हतं. पण रडणारी नव्हेच ती. तिनं पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि मुद्दाम सावकाश ढवळत बसली.

पुढच्या बाकावर एक म्हातारी जीव मुठीत धरून बसली होती. तिची लेक आत अडली होती. “बाई, हिला पुसू नका हो,” म्हातारी म्हणाली. “ही निदान मदतीला आल्यासारखी दिसते.”

तेवढ्यात वॉर्डातून हाक आली आणि मदर धावल्या. अडलेली बाळंतीण सोडवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

डब्यातला रंग ढवळून ढवळून पातळ झाला. मिसाची घंटा झाली. रंगारी सिस्टरनं सुस्कारा सोडून ब्रश बुडवला, तोच दार धाडकन उघडलं.

“आजीबाई, नात झाली! दोघी सुखरूप!”

दारात नव्हे, थेट वेदीसमोर मदर उभ्या होत्या. खांद्यावर टॉवेल, बाह्या कोपराच्या वर, उजव्या कोपरावर ठसठशीत काळा तीळ. म्हातारीनं एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा मदरकडे, आणि मदरचे ओले हात धरून कपाळाला लावले. तिला हुंदका आवरेना.

मदरनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग चित्राकडे. बाह्या खाली ओढायला गेलेला हात तसाच थांबला.

“तो रंग वाया घालवू नकोस,” त्या घसा खाकरून म्हणाल्या. “वॉर्डातली भिंत पांढरी कर आणि तिथेही हिला काढ. बायकांना कळा देताना समोर दिसली पाहिजे. आणि नव्या दवाखान्यांवर जाणाऱ्या सिस्टरांना छोटी चित्रं करून दे. रिकाम्या हातानं कुणी जायचं नाही.”

“जशी आज्ञा, मदर.”

“आणि हे बघ, माझा तीळबीळ काढशील तर याद राख!”

“छे हो!” रंगारी सिस्टर म्हणाली.

आज त्या संघाच्या प्रत्येक दवाखान्यात ही माउली आहे. बायका कळा सोसताना तिच्या उजव्या कोपरावरच्या तिळावर नजर लावून बसतात.